हक्क आणि दर : कॅलिफोर्नियाचा लँटरमन कायदा व अर्थसंकल्पीय निर्णयांची चिकित्सा

प्रस्तावना

विकासात्मक दिव्यांगता असलेल्या व्यक्तींच्या प्रश्नाची मराठीतील चर्चा प्रामुख्याने विशेष शिक्षण, पुनर्वसन आणि पालकांचे समुपदेशन या अंगांनी होत आली आहे. राज्याचा अर्थसंकल्प आणि विधिमंडळाचे निर्णय या अंगाने ती क्वचितच होते. वस्तुतः अशा व्यक्तींपैकी अनेकांना जन्मभर कोणाच्या तरी साहाय्याची गरज भासते. आणि ते साहाय्य देणारा माणूस कोणत्या वेतनावर येतो व किती काळ टिकतो, हे अखेर अर्थसंकल्पातील एखाद्या आकड्यावर ठरते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या लँटरमन कायद्याचा आणि त्याच्या संदर्भात तेथील विधिमंडळाने वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांचा परामर्श घेतला आहे.

कॅलिफोर्नियाचीच निवड करण्याचे कारण असे, की तेथे या सेवा शासनाची कृपा म्हणून दिल्या जात नाहीत; त्या कायद्याने दिलेला हक्क आहेत. कायद्यात हक्क लिहिला गेला म्हणजे अर्थसंकल्पाच्या चढउतारांपासून त्याचे रक्षण होते, अशी हक्काधारित चळवळींची एक सार्वत्रिक श्रद्धा आहे. या श्रद्धेची इतकी दीर्घ आणि इतकी तपशीलवार कसोटी दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळते. कायदा पन्नासहून अधिक वर्षे अबाधित आहे. तो कोणी रद्द केला नाही. तरीही त्याखाली मिळणाऱ्या सेवा अनेकदा आक्रसल्या. हे कसे घडले? येथे मांडावयाचे प्रतिपादन असे, की कायद्याने सेवेवरील हक्काला संरक्षण दिले, परंतु सेवेच्या किमतीला दिले नाही. परिणामी काटकसरीची कात्री हक्कावरून सरकून किमतीवर आली.

कायद्याचा उगम

१९६० च्या दशकापर्यंत कॅलिफोर्नियात बौद्धिक दिव्यांगता असलेल्या मुलाच्या पालकांपुढे दोनच मार्ग होते : मुलाला घरी स्वतःच्या बळावर सांभाळणे, किंवा राज्याच्या मोठ्या रुग्णालयात दाखल करणे. या संस्थांतील निवासींची संख्या १९६८ च्या सुमारास तेरा हजारांच्या वर पोहोचली होती आणि प्रवेशासाठी प्रतीक्षायादी होती. पालकांच्या संघटनांनी तिसऱ्या मार्गाचा आग्रह धरला. १९६६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को येथे प्रायोगिक तत्त्वावर दोन प्रादेशिक केंद्रे सुरू झाली. हा प्रयोग राज्यभर नेणारे विधेयक असेंब्लीचे रिपब्लिकन सदस्य फ्रँक लँटरमन यांनी मांडले आणि १९६९ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली ती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. (तेथील गव्हर्नर हा निवडून आलेला कार्यकारी प्रमुख असल्यामुळे त्यास 'राज्यपाल' म्हणणे दिशाभूल करणारे ठरते.) शासकीय खर्चाला कात्री लावणारे म्हणून पुढे ख्याती पावलेल्या नेत्याच्या स्वाक्षरीने हा हक्क अस्तित्वात यावा, ही इतिहासातील गंमत म्हणावी लागेल. अर्थात त्यामागे हिशेबही होता. समाजात राहून दिलेली सेवा संस्थेतील निवासापेक्षा स्वस्त पडते, हा युक्तिवाद आरंभापासून पुढे केला जात होता.

प्रारंभी हा कायदा ज्यांना तेव्हा 'मतिमंद' म्हटले जाई त्यांच्यापुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने सेरेब्रल पाल्सी, अपस्मार आणि स्वमग्नता यांचा त्यात समावेश झाला. १९७७ मध्ये कायद्याची फेरमांडणी झाली. आज एकवीस प्रादेशिक केंद्रे कार्यरत आहेत. ती शासकीय कार्यालये नसून शासनाशी करार केलेल्या ना-नफा तत्त्वावरील संस्था आहेत. केंद्र प्रत्येक पात्र व्यक्तीचा 'वैयक्तिक कार्यक्रम आराखडा' त्या व्यक्तीच्या व कुटुंबाच्या सहभागाने तयार करते आणि आराखड्यातील सेवा अन्य सेवापुरवठादार संस्थांकडून विकत घेते. शासन, केंद्र व पुरवठादार अशी ही तीन पायऱ्यांची रचना पुढील विवेचनात महत्त्वाची आहे. कारण आराखडा ठरतो मधल्या पायरीवर आणि दर ठरतो वरच्या पायरीवर.

१९८५ चा निकाल

या हक्काची पहिली मोठी कसोटी १९८२ च्या आर्थिक टंचाईत लागली. तरतूद कमी झाल्याने राज्याच्या विकासात्मक सेवा विभागाने प्रादेशिक केंद्रांना अग्रक्रम ठरवून दिले आणि काही प्रकारच्या सेवा सरसकट कमी करण्याचे निर्देश दिले. पालकांच्या संघटनेने त्यास आव्हान दिले. 'असोसिएशन फॉर रिटार्डेड सिटिझन्स विरुद्ध विकासात्मक सेवा विभाग' या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हे निर्देश अवैध ठरविले. कोणती सेवा द्यावयाची हे त्या व्यक्तीच्या आराखड्यातून ठरते; विभागाला केंद्रांवर देखरेख करण्याचा व खर्चात सुसूत्रता आणण्याचा अधिकार असला, तरी सेवांचे प्रकारच्या प्रकार वगळण्याचा अधिकार नाही, असा या निकालाचा आशय आहे. सेवा हा हक्क आहे, हे तत्त्व त्यातून दृढ झाले.

या निकालाचा गौरव यथार्थच आहे. परंतु त्याचे वाचन बहुधा अर्धवट केले जाते. तरतूद अपुरी पडल्यास मार्ग काढण्याची जबाबदारी विधिमंडळाची आहे, त्याने निधी वाढवावा अथवा कायद्यात बदल करावा, हेही न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट केले होते. म्हणजे निकालाने हात बांधले ते प्रशासनाचे. विधिमंडळाचे हात मोकळेच राहिले. पुढील प्रत्येक कपात अधिसूचनेऐवजी विधेयकाच्या रूपाने आली, याचे मूळ येथे आहे.

विधेयकांचा प्रकारही लक्षात घेण्याजोगा आहे. अर्थसंकल्पासोबत 'ट्रेलर बिल' या नावाने ओळखली जाणारी अनुषंगिक विधेयके मंजूर होतात आणि त्यांतून मूळ कायद्यांच्या कलमांत बदल केले जातात. स्वतंत्र विधेयकाला विषयसमित्यांतील सुनावणीच्या ज्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्या यांना बहुधा चढाव्या लागत नाहीत. पालकांच्या दोन पिढ्यांनी उभारलेल्या कायद्याची कलमे अशा प्रकारे एखाद्या आठवड्यात बदलू शकतात.

स्थगिती : २००९ ते २०२१

याचे सर्वात बोलके उदाहरण २००९ चे आहे. जागतिक मंदीमुळे राज्याचा महसूल कोसळला होता. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने करवाढीसाठी विधिमंडळात दोनतृतीयांश बहुमत आवश्यक केले होते. अर्थसंकल्प मंजूर करण्यासाठीही तेवढेच बहुमत लागत असे (ही दुसरी अट २०१० मध्ये सार्वमताने शिथिल झाली). अल्पमतातील पक्षाला करवाढ अडविता येत असल्याने तूट भरण्याचा भार कपातीवर पडला. त्या वर्षीच्या जुलैमध्ये राज्याने आपल्या काही देणेकऱ्यांना रोख रकमेऐवजी वचनचिठ्ठ्या दिल्या, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. विकासात्मक सेवांच्या वाट्याला २००९-१० या वर्षात राज्याच्या सर्वसाधारण निधीतून सुमारे ३३.४ कोटी डॉलरची कपात आली.

तिचे तपशील पाहिले असता हक्काला हात न लावता सेवा कमी करण्याच्या पद्धतींचा जणू कोशच हाती लागतो. तीन वर्षांखालील बालकांच्या शीघ्र हस्तक्षेप कार्यक्रमाचे पात्रतानिकष कडक झाले. पालकांना थोडा विसावा मिळावा म्हणून दिल्या जाणाऱ्या देखभालीच्या तासांवर तिमाहीला नव्वद तासांची मर्यादा आली. तुलनीय सेवा देणाऱ्यांपैकी सर्वात स्वस्त पुरवठादाराची निवड करावी, असा दंडक झाला. पुरवठादारांच्या देयकांतून प्रथम तीन टक्के आणि २०१० पासून सव्वाचार टक्के रक्कम कापली जाऊ लागली. आणि शिबिरे, सामाजिक-मनोरंजनात्मक उपक्रम, मुलांसाठीच्या काही शैक्षणिक सेवा, तसेच कला, नृत्य व संगीत यांसारखे वैद्यकीयेतर उपचार यांची खरेदी स्थगित करण्यात आली.

या शेवटच्या तरतुदीचे शब्द काळजीपूर्वक वाचले पाहिजेत. विधिमंडळाने या सेवा रद्द केल्या नाहीत. 'वैयक्तिक निवड अर्थसंकल्प' नावाची नवी पद्धत अमलात येईपर्यंत आणि तिच्यामुळे या सेवांचा खर्च भरून निघण्याइतकी बचत होईल असे विभागाचा संचालक प्रमाणित करेपर्यंत त्या स्थगित राहतील, असे म्हटले. ती पद्धत त्या रूपात आलीच नाही. स्थगिती मात्र राहिली. मंदी सरली, राज्याच्या तिजोरीत शिल्लक दिसू लागली, तरी ती उठण्यास २०२१ चा जुलै उजाडला. २००९ मध्ये सहा वर्षांचे असलेले मूल तोवर अठरा वर्षांचे झाले होते. त्याच्या बालपणापुरती ही 'तात्पुरती' तरतूद कायमचीच ठरली. अपवादाची सोय कायद्यात होती. परंतु असाधारण परिस्थिती सिद्ध करण्याचा भार कुटुंबावर होता.

कपातीसाठी नेमक्या याच सेवा का निवडल्या गेल्या, याचे उत्तर प्रशासकीय व्यवहारात शोधावे लागते. अमेरिकेत अशा सेवांचा मोठा भाग मेडिकेड या संयुक्त आरोग्य योजनेतून भागविला जातो आणि कॅलिफोर्नियाला पात्र खर्चाच्या सुमारे निम्मी रक्कम संघीय शासनाकडून मिळते. ज्या सेवेला संघीय वाटा मिळतो ती बंद केली, तर राज्य वाचविलेल्या प्रत्येक डॉलरबरोबर बाहेरून येणारा डॉलरही गमावते. त्यामुळे असा वाटा नसलेल्या किंवा अल्प असलेल्या सेवा सर्वप्रथम कात्रीत सापडतात. त्याखेरीज पोहणे, सहलीला जाणे, गाणे शिकणे या गोष्टी सभागृहात 'चैन' म्हणून मांडणे सोपे असते. ज्या मुलाला शाळेबाहेर एकही मित्र नाही, त्याच्या पालकांना मात्र ती चैन वाटत नाही.

दर : न दिसणारी कपात

स्थगिती निदान उघड होती. वर्तमानपत्रांत तिची बातमी होत होती. दरांची गोष्ट तशी नाही. २००३ पासून अनेक सेवांचे दर गोठविण्यात आले. २००८ मध्ये आणखी एक पाऊल पडले : वाटाघाटीने दर ठरणाऱ्या सेवांत नव्या पुरवठादाराला राज्याच्या अथवा त्या प्रादेशिक केंद्राच्या मध्यक दरांपैकी जो कमी असेल त्याहून अधिक दर देता येणार नाही. ज्याने वर्गात संख्याशास्त्र शिकविले आहे त्याच्या लक्षात येईल, की नव्या प्रत्येक पुरवठादाराला मध्यकाचे छत घातले, तर पुढे काढला जाणारा मध्यक वर चढण्याची शक्यता उरत नाही. एकाच शहरात तीच सेवा देणाऱ्या दोन संस्थांपैकी जुनीला अधिक आणि नवीला कमी दर, अशी विसंगतीही त्यातून निर्माण झाली.

दर गोठले तरी घरभाडे गोठत नाही, विमा गोठत नाही. राज्याचे किमान वेतन २००८ मधील ताशी आठ डॉलरवरून २०१६ मध्ये दहा डॉलरवर गेले. किमान वेतन वाढले की त्यापुरती दरवाढ मंजूर होई; पण पूर्वी किमान वेतनाच्या थोडे वर पगार देणाऱ्या संस्थांचा तो फरक पुसला जाई. अंघोळ घालणे, औषधे देणे, आकस्मिक झटका आल्यास सावरणे आणि बोलता न येणाऱ्या माणसाची इच्छा ओळखणे, एवढी जबाबदारी असलेली नोकरी आणि दुकानातील नोकरी यांच्या वेतनात अंतर उरले नाही, तर कर्मचारी कोठे जाईल हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. मतिमंदत्वाच्या किंवा स्वमग्नतेच्या क्षेत्रात माणूस बदलणे म्हणजे केवळ जागा भरणे नसते. नव्या माणसाला ती व्यक्ती समजण्यास कित्येक महिने लागतात. आराखड्यात सेवा लिहिलेली आहे, हक्क शाबूत आहे, आणि सेवा देण्यास कोणी नाही, अशी ही अवस्था होय.

राज्याच्या मोठ्या संस्था एकामागून एक बंद होत असल्याने या प्रश्नाची तीव्रता वाढली. अॅग्न्यूज (२००९), पोमोना येथील लँटरमन केंद्र (२०१४), सोनोमा (२०१८) ही निवासकेंद्रे बंद झाली. हे धोरण योग्यच होते. परंतु त्या संस्थांतील कर्मचारी शासकीय वेतनश्रेणीत होते आणि समाजातील सेवांचे कर्मचारी त्याहून बरेच कमी वेतन घेत होते. ही तफावत दिव्यांगांविरुद्ध भेदभाव ठरते, असा दावा 'सँचेझ विरुद्ध जॉन्सन' या खटल्यात करण्यात आला. संघीय अपील न्यायालयाने २००५ मध्ये तो फेटाळला. त्यानंतर आयडाहो राज्यातील प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे दरवाढीची शिफारस होऊनही विधिमंडळाने पैसा दिला नव्हता. 'आर्मस्ट्राँग विरुद्ध एक्सेप्शनल चाइल्ड सेंटर' (२०१५) या निकालाने, मेडिकेडच्या दरविषयक तरतुदीची अंमलबजावणी पुरवठादारांना न्यायालयामार्फत करून घेता येणार नाही, असे ठरविले. १९८५ च्या निकालाशेजारी हे दोन निकाल ठेवले म्हणजे चित्र पूर्ण होते. सेवा नाकारली तर न्यायालयाचे दार ठोठावता येते. सेवेचा दर अपुरा ठेवला तर ते दार जवळजवळ बंद आहे.

आक्षेप आणि तुलना

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. खर्चाला वरची मर्यादा नसलेला हक्क कोणत्याही अर्थव्यवस्थेला पेलणारा नाही, दरांवर नियंत्रण हाच त्याला आवरण्याचा एकमेव मार्ग आहे, असे म्हटले जाते. आकडे या आक्षेपाला बळ देतात. या व्यवस्थेतील व्यक्तींची संख्या आज चार लाखांहून अधिक आहे, त्यात स्वमग्नतेचे निदान झालेल्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले आहे आणि २०२४-२५ चा विभागाचा अर्थसंकल्प दीड हजार कोटी डॉलरच्या पुढे गेला. शिवाय, हक्काने काहीच साधले नाही असे मुळीच नाही. अमेरिकेच्या अनेक राज्यांत घरगुती व समाजाधारित सेवांसाठी प्रतीक्षायाद्या असून २०२४ मध्ये त्यांवरील एकूण नावे सात लाखांच्या आसपास होती व त्यांत बौद्धिक आणि विकासात्मक दिव्यांगता असलेल्यांचे बहुमत होते. (काही राज्ये पात्रता न तपासताच नावे नोंदवितात, त्यामुळे हा आकडा सावधपणेच वापरावा.) कॅलिफोर्नियात अशी यादी नाही. ती नाही याचे श्रेय लँटरमन कायद्यालाच द्यावे लागते.

तथापि खर्च आवरण्याचा भार कोणावर पडतो हा प्रश्न शिल्लक राहतो. आराखडा व्यक्तिगणिक ठरत असल्याने बैठकीत कोण किती नेटाने बोलतो यावर बरेच अवलंबून असते. वांशिक गटांनुसार खर्चाची आकडेवारी प्रसिद्ध करणे केंद्रांवर बंधनकारक झाल्यापासून हिस्पॅनिक व्यक्तींवरील दरडोई खर्च श्वेतवर्णीयांहून कमी असल्याचे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. त्यातील काही फरक वय व निवासाचा प्रकार यांमुळे आहे, सर्व नव्हे. टंचाईच्या काळात वकील गाठू शकणारे कुटुंब अपवादाच्या तरतुदीतून वाट काढते; दोन पाळ्यांत काम करणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या आईला ती तरतूद आहे हेही ठाऊक नसते.

भारतीय वाचकाला या ठिकाणी आपल्या कायद्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ नुसार शासनाने सामाजिक सुरक्षेच्या योजना आखावयाच्या आहेत, परंतु आपल्या आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत. हा शब्दप्रयोग संविधानाच्या अनुच्छेद ४१ मधून आलेला आहे. कॅलिफोर्नियात जी मर्यादा मागील दाराने आली ती आपल्याकडे पुढच्या दारात पाटी लावून उभी आहे. त्याच कलमात दिव्यांगांचे साहाय्य इतरांच्या समान योजनेपेक्षा किमान पंचवीस टक्के अधिक असावे, असेही म्हटले आहे. मूळ योजनेची रक्कम किती असावी याबद्दल मात्र कायदा मौन पाळतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांसाठीच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तर केंद्राकडून एकदाच मिळणाऱ्या शंभर कोटी रुपयांच्या निधीची तरतूद केली. महाराष्ट्रातील विशेष शाळा आणि कार्यशाळा यांचा मोठा भाग स्वयंसेवी संस्थांच्या हाती व शासकीय अनुदानावर चालतो. म्हणजे सेवा संस्थेची आणि दर शासनाचा, हीच रचना येथेही आहे. अनुदानाचे निकष किती वर्षांनी सुधारले जातात, हा प्रश्न म्हणूनच हक्कांच्या चर्चेत अग्रभागी असावयास हवा. तो तेथे अभावानेच आढळतो.

दरसुधारणेची वाटचाल

कॅलिफोर्नियात दरांचा प्रश्न ऐरणीवर आला तो २०१६ च्या विशेष अधिवेशनात. तेव्हा सर्वसाधारण निधीतून सुमारे २८.७ कोटी डॉलरची वाढ झाली आणि दरांचा सर्वंकष अभ्यास करण्याचे ठरले. २०१९ मध्ये सादर झालेल्या त्या अभ्यासात वेतन, प्रवास, प्रशिक्षण यांचा प्रत्यक्ष खर्च धरून प्रत्येक सेवेचा दर कसा असावा याचे नमुने देण्यात आले. ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. एखाद्या सेवेला खरोखर किती खर्च येतो हे शासनानेच मोजून लिहून ठेवले, ही या अभ्यासाची खरी फलश्रुती होय; त्यानंतर अपुरा दर ही कोणाची तक्रार न राहता शासनाच्याच कागदांवरची तफावत झाली.

तरीही जानेवारी २०२४ मध्ये, तूट दिसताच, शेवटचा टप्पा जुलै २०२४ ऐवजी जुलै २०२५ मध्ये अमलात आणावा असा प्रस्ताव गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी मांडला. त्यातून सर्वसाधारण निधीची सुमारे ६१ कोटी डॉलरची बचत अपेक्षित होती. दिव्यांग व्यक्ती, पालक आणि कर्मचारी यांच्या विरोधानंतर तडजोड होऊन १ जानेवारी २०२५ ही तारीख निश्चित झाली व त्या दिवसापासून नवे दर लागू झाले. मात्र सहा महिन्यांनी, ४ जुलै २०२५ रोजी, मेडिकेडवरील संघीय खर्चात पुढील दशकभरात मोठी घट करणारा कायदा अमेरिकेत संमत झाला. त्या कायद्यात विकासात्मक दिव्यांगतेच्या सेवांचे नाव घेऊन कपात केलेली नाही. परंतु मेडिकेडच्या रचनेत शुश्रूषागृहातील निवास ही राज्यांवर बंधनकारक सेवा आहे, तर घरी व समाजात राहून मिळणाऱ्या बहुतेक सेवा ऐच्छिक आहेत. संघीय वाटा घटल्यावर राज्यांचे वित्त विभाग कपातीसाठी प्रथम ऐच्छिक सेवांची यादी उघडतात. आणि कॅलिफोर्नियात त्या यादीतील सेवांचे दर आता पूर्वीपेक्षा वर आहेत.